पिकअपच्या गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील गळतंय? घरी बदलणार असाल तर आधी हे वाचा

गिअरबॉक्सच्या शेपटाला, म्हणजे जिथून प्रॉपेलर शाफ्ट (मागच्या एक्सलला फिरवणारा लांब दांडा) बाहेर निघतो तिथं ऑइलचा थेंब लोंबताना दिसला की बहुतेक जण थेट स्पेअरच्या दुकानात जातात, सील आणतात, कुणाकडून तरी ठोकून घेतात आणि कांद्याच्या दोन-चार खेपा झाल्या की परत तोच थेंब. मग शिव्या कधी सीलला तर कधी मेकॅनिकला. सील बदलायचं काम खरं तर अर्ध्या दिवसाचं आहे आणि थोडी हत्यारं हाताळायची सवय असली तर अंगणात होतं, पण ते सील का गेलं हे शोधल्याशिवाय नवीन बसवलं तर तेही जाणारच. म्हणून या लेखात शोधाशोधीवरच जास्त लिहितोय, ठोकाठोकी त्यामानाने सोपी आहे.

हे सगळं मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या छोट्या पिकअप-ट्रकसाठी आहे, आपल्या नाशिककडं पिंपळगावला टोमॅटोचे कॅरेट आणि लासलगावला कांदा वाहतात ना तसल्या गाड्या. मोठ्या दहा-बारा टायरच्या ट्रकचा शाफ्ट एकट्यादुकट्याला पेलत नाही, ती गाडी आडगाव नाक्याच्या ट्रक टर्मिनलकडं घेऊन जा, अंगणात उघडू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर अजिबात पाना लावू नका, कंपनीच्या वर्कशॉपला लावा.

सगळ्यात आधी गळतंय नेमकं कुठून ते बघा. चालत्या गाडीत खालून वारा लागतो आणि ऑइल मागं मागं फेकलं जातं, त्यामुळं मागचं सील ओलं दिसतंय म्हणजे तेच गळतंय असं नसतं. पुढून इंजिनचं मागचं सील गळत असेल, गिअर लिव्हरच्या बुडातून येत असेल, रिव्हर्सच्या स्विचमधून, स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर बसतो तिथल्या ओ-रिंगमधून, नाहीतर साधा ड्रेन प्लगचा वॉशर गेलेला असेल. गिअरबॉक्स खालून-वरून डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवा, फडक्याने पुसा, कोरडा होऊ द्या, मग वीस-तीस किलोमीटर फिरवून आणा आणि लगेच खाली शिरून टॉर्च मारा. जिथं सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं ओल दिसेल तिथून गळती, खालचं बाकी सगळं ओघळ. समजतच नसेल तर धुऊन सुकवल्यावर संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, पांढऱ्यावर ओलीची रेघ लगेच उठते.

वास पण घेऊन बघा. गिअर ऑइलला एक उग्र गंधकासारखा वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही, आणि डिझेल इंजिनचं ऑइल काळंकुट्ट असतं. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथं जोडलेत त्या घंटेसारख्या भागाच्या खालच्या भोकातून गिअर ऑइल टपकत असेल तर पुढचं सील गेलंय. त्याला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, क्लचप्लेटपण ऑइलने खराब झालेली असू शकते, ते काम घरी करू नका एवढंच सांगतो आणि पुढं जातो.

आता समजा मागचंच सील निघालं. तरी पाना उचलायच्या आधी तीन गोष्टी बघा.

पहिला ब्रीदर. गिअरबॉक्सच्या वरच्या बाजूला छोटी टोपी किंवा नळी असते, आतली गरम हवा बाहेर जायला. कसारा घाटात लोड घेऊन खालच्या गिअरमध्ये चढलं-उतरलं की गिअरबॉक्स चांगला तापतो, आतली हवा फुगते, आणि ब्रीदर चिखलाने बुजला असेल तर ती हवा कुठून निघणार? सगळ्यात कमजोर जागा म्हणजे सीलचा ओठ (शाफ्टला घट्ट टेकलेली रबराची कडा), तिथून ऑइल ढकलत बाहेर येते. शेतातल्या वाटांवर आणि द्राक्षाच्या बागांत फिरणाऱ्या गाड्यांचे ब्रीदर मी बघितलेत, काळ्या मातीने असे बसलेले असतात की टाचणी आत जात नाही. टोपी हाताने फिरते का, वर-खाली हलते का बघा, नळी असेल तर काढून फुंकून बघा. कधीकधी नुसता ब्रीदर साफ केल्यावर गळती थांबते आणि सील बदलायची वेळच येत नाही, तेव्हा साफ करून चार दिवस वाट बघायला काही हरकत नाही.

दुसरं ऑइलची लेव्हल. गाडी सपाट जागी उभी करून बाजूचा फिलर प्लग उघडा, ऑइल भोकाच्या खालच्या काठापर्यंत पाहिजे, बस. प्लग उघडताच भळाभळा बाहेर यायला लागलं तर कुणीतरी जास्त भरलंय. जास्त ऑइल म्हणजे चांगलं हा समज कुठून आला कुणास ठाऊक, गिअर ते घुसळतात, फेस होतो, गरम होतं आणि शेवटी सीलमधून निघतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे शाफ्टची ढिलाई. गाडी बंद, थंड, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावलेले, आणि खाली शिरून गिअरबॉक्सच्या अगदी मागं शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. गोल फिरवल्यावर थोडा लूज लागतो तो गिअरचा असतो, त्याचं टेन्शन नको, पण वर-खाली टकटक होत असेल तर आतला बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) किंवा बेअरिंग गेलंय. असा शाफ्ट फिरताना डोलतो आणि कितीही भारी कंपनीचं सील लावा, ओठ एका बाजूला दाबला जातो आणि दुसऱ्या बाजूला उघडतो. इथं नुसतं सील बदलणं म्हणजे भिंतीतला नळ फुटलेला असताना वरून रंग मारल्यासारखं आहे. बुशचं काम करून घ्या आणि त्यातच सील टाकून घ्या. आणि हो, हलवताना आवाज प्रॉपेलरच्या क्रॉसमधून (टोकाच्या वळत्या सांध्यातून) येतोय की गिअरबॉक्समधून हे नीट ओळखा, क्रॉस घासलेला असला तरी तसाच आवाज येतो.

सील आणताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि चेसिस नंबर घेऊन जा, एकाच नावाच्या गाडीत वर्षाप्रमाणे गिअरबॉक्स बदललेला असतो. जुन्या सीलवर मापं कोरलेली असतात, समजा ४२-६२-१० असं असेल तर आतला व्यास ४२ मिलिमीटर, बाहेरचा ६२ आणि जाडी १०. द्वारका, सारडा सर्कलच्या बाजूला स्पेअरच्या दुकानात मिळून जातं, आणि नाहीच मिळालं तर बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळतं. पण मापावर घेताना दोन गोष्टी बघा. एक, रबर कुठलं आहे. साधं काळं नायट्राइल रबर १०० डिग्रीच्या आसपासपर्यंत ठीक चालतं, त्यापुढं कडक पडत जातं, व्हायटॉनचं सील महाग असतं पण २०० डिग्रीपर्यंत टिकतं. घाटात चालणाऱ्या गाडीला मी तरी व्हायटॉनच सांगेन. दुसरं, काही सीलच्या ओठावर तिरप्या रेषा असतात आणि बाजूला बाण असतो, ती फिरायच्या दिशेप्रमाणे असतात, उलट्या दिशेचं लावलं तर सीलच ऑइल बाहेर खेचतं. मूळ पार्ट नंबरचं मिळत असेल तर वीस-तीस रुपये वाचवायच्या नादाला लागू नका.

ऑइल पण आधीच आणून ठेवा. किती लागेल ते मॉडेलवर आहे, छोट्या पिकअपला साधारण दीड ते अडीच लिटरच्या आत काम होतं. ग्रेड गाडीच्या पुस्तकात असेल तोच. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. दुकानदार जीएल-५ हातात देतो आणि म्हणतो हे जीएल-४ पेक्षा वरचं आहे, पण ते मुळात मागच्या हाउसिंगसाठी, म्हणजे डिफरन्शियलसाठी असतं, त्यातल्या गंधक-फॉस्फरसच्या मिश्रणाने गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर अलगद पडायला मदत करणाऱ्या) खराब होऊ शकतात. पुस्तकात जीएल-४ लिहिलंय ना, मग जीएल-४.

आता जागा. गाडी रिकामी पाहिजे, जागा सपाट आणि पक्की पाहिजे, काळ्या मातीवर जॅक लावला तर तो हळूहळू खचतो आणि कळतपण नाही. सिमेंटचा कोबा नसेल तर जॅक आणि घोडीखाली (गाडीला आधार द्यायच्या जॅक स्टँडखाली) जाड लोखंडी प्लेट किंवा फळी टाका. विटा आणि सिमेंटचे ब्लॉक गाडीखाली आधाराला कधीच नको, ते आधी तडकत नाहीत, एकदम फुटतात.

इथं एक गोष्ट बरेच लोक विसरतात. गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली म्हणजे हलणार नाही असं आपण धरून चालतो, पण गिअर चाकाला धरून ठेवतो तो प्रॉपेलरमार्फत. प्रॉपेलर सोडला की गिअरचा आणि चाकाचा संबंधच संपला. आणि काही जुन्या जीपसारख्या गाड्यांत हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागच्या ड्रमवरच असतो, तिथं तर हँडब्रेकपण गेला. त्यात शाफ्टचे सगळे बोल्ट हाताशी यायला शाफ्ट फिरवावा लागतो, त्यासाठी मागचं एक चाक उचलून हँडब्रेक सोडावा लागतो. म्हणजे त्या वेळी गाडी फक्त चाकांच्या ठोकळ्यांनी अडवलेली असते. म्हणून दोन्ही पुढच्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून चांगले जाड लाकडी ठोकळे लावा, उचललेल्या बाजूला एक्सलखाली घोडी लावा, जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, आणि घरातल्या कुणाला तरी सांगून ठेवा की मी गाडीखाली आहे. पोरं खेळत असतील तर चावी खिशात. पिकअपला खाली उंची भरपूर असते, बोल्ट फिरवून झाले की चाक परत जमिनीवर टेकवून बाकीचं काम करता आलं तर उत्तम. सायलेन्सर थंड होऊ द्या, डोळ्याला चष्मा लावा, खालून जी माती पडते ती सरळ डोळ्यात.

ऑइल काढताना आधी फिलर प्लग उघडा, मग ड्रेन. उलटं केलं आणि फिलर जाम निघाला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल, गाडी गॅरेजपर्यंत पण नेता येणार नाही. ऑइल थोडं कोमट असताना पटकन उतरतं. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर राखाडी पेस्टसारखं काही असेलच, ते चालतं, पण कपच्या किंवा पिवळे पितळी तुकडे दिसले तर सीलचा विषय बाजूला ठेवा, आतमध्ये मोठं काम निघालंय. ऑइल दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहताना गाडी घातली की तापलेला गिअरबॉक्स एकदम गार होतो आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढतो, आणि ज्यांच्या गाड्या गोदाकाठी उभ्या असतात त्यांना तर पुरात नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागल्यावर काय होतं ते सांगायला नको. अशा वेळी नवीन ऑइल भरून थोडं चालवून परत एकदा बदलायचं.

प्रॉपेलर काढायच्या आधी दोन्ही टोकांना, जिथं फ्लँजला (बोल्टांनी जोडायच्या चकतीला) फ्लँज मिळतो तिथं, पंचने किंवा ऑइलपेंटने खूण करा, आणि दोन तुकड्यांचा शाफ्ट असेल तर मधल्या जोडालापण करा. शाफ्ट बॅलन्स केलेला असतो, फिरवून बसवला की साठच्या वर गाडी थरथरते आणि मग लोक टायर बॅलन्सिंग करत फिरतात. बोल्टांना आदल्या रात्री गंज सोडवायचं स्प्रे मारून ठेवा. रिंग पानाच वापरा, फिक्स पान्याने डोकी गोल होतात. मधल्या बेअरिंगचा ब्रॅकेट सोडताना शाफ्ट दोरीने चेसिसला बांधून घ्या, तो जड असतो, छातीवर घ्यायच्या भानगडीत पडू नका, आणि एका क्रॉसवर लोंबकळत पण ठेवू नका.

पुढं दोन प्रकार असतात. काही गाड्यांत शाफ्टचा पुढचा योक (क्रॉस धरणारा दुबेळका तुकडा) नुसता गिअरबॉक्समध्ये सरकवलेला असतो, मागं ओढला की निघतो. इथं ऑइल न काढताही काम होतं, मागची बाजू उंच असली की ऑइल पुढं सरकतं आणि सांडत नाही, तरी खाली तसराळं ठेवाच. दुसऱ्या प्रकारात गिअरबॉक्सच्या शाफ्टवर फ्लँज असतो आणि तो मधल्या एका मोठ्या नटाने आवळलेला असतो. तो नट फार घट्ट असतो, फ्लँजला बोल्ट लावून त्यात लांब लोखंडी पट्टी अडकवून धरायची आणि मोठ्या गोटी पान्याला पाइप लावून सोडायचा. नटाची कडा खोबणीत ठोकून लॉक केलेली असेल तर ती आधी उचका आणि बसवताना नटच नवीन टाका, तो एकदाच वापरायचा असतो. फ्लँज हाताने निघाला तर ठीक, नाहीतर पुलर लावा, मागून हातोडा घालू नका, तो धक्का आतल्या बेअरिंगला बसतो.

या फ्लँजवाल्या प्रकारात अजून एक गंमत आहे. ऑइल कधीकधी सीलमधून येतच नाही, फ्लँजच्या आतल्या उभ्या दात्यांच्या (स्प्लाइनच्या) खाचांतून नटाच्या बाजूने येतं. फ्लँजच्या मधोमध नट ओला दिसत असेल तर तेच समजा. बसवताना खाचांच्या शेवटी आणि वॉशरखाली थोडं सीलंट लावलं की बंद होतं.

जुनं सील काढण्याआधी ते तोंडापासून किती आत आहे ते स्टीलच्या पट्टीने चारी बाजूंनी मापून लिहून ठेवा. मग हुकवाला पुलर असेल तर त्याने ओढा. नसेल तर सीलच्या लोखंडी चेहऱ्यावर समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे चुरा चिकटून बाहेर येतो, ड्रिल आत घुसू देऊ नका, त्यात पत्र्याचे स्क्रू पिळा आणि स्क्रू पकडीने आलटून-पालटून ओढा. छन्नी घालून उचकटायचा मोह होतो, पण सीलच्या घराच्या (ते बसतं त्या गोल जागेच्या) आतल्या भिंतीवर एक ओरखडा पडला की नवीन सीलच्या बाहेरून गळती सुरू.

आता योकची किंवा फ्लँजची ती गुळगुळीत जागा बघा जिथं सीलचा ओठ घासतो. तिथं एक चकचकीत रेघ असतेच. त्यावरून नख आडवं फिरवा, नख अडकलं तर खाच पडलीय आणि नवीन सीलचा ओठ त्याच खाचेत बसून गळणार. हलकी असेल तर बारीक, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल गोल फिरवत साफ करा, लांबीत घासू नका, लांबीतल्या ओरखड्यांतून ऑइलला वाटच मिळते. खोल असेल तर त्यावर चढवायची पातळ स्टीलची स्लीव्ह मिळते, नाहीतर योक बदलायचा. जागा असेल तर नवीन सील एखाद-दोन मिलिमीटर कमी-जास्त खोल बसवून ओठ खाचेच्या बाजूला नेता येतो, पण मागं ऑइलची परतीची वाट बुजणार नाही हे बघून.

बसवायचं काम सोपं. सीलचं घर पुसून कोरडं करा. स्प्रिंग दिसते ती बाजू आत, ऑइलकडं. ओठाला तेच गिअर ऑइल किंवा थोडं ग्रीस लावा, कोरडं सील पहिल्या काही मिनिटांतच जळतं. बाहेरून लोखंडी असेल तर बाहेरच्या घेराला अगदी पातळ सीलंट चालतं, रबर चढवलेलं असेल तर काही नको, आणि ओठाला सीलंट लागता कामा नये. ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाइपचा तुकडा घ्या, जाड पीव्हीसीचा किंवा लोखंडी, तोंड सरळ कापलेलं. त्याला हळूहळू, समान ठोके. एका बाजूला ठोकून मग दुसऱ्या बाजूला असं केलं की सील वाकडं जातं आणि पत्रा दुमडतो. मघाशी लिहिलेल्या मापाशी चारी बाजूंनी जुळलं की थांबा.

मग योक किंवा फ्लँज, त्याच्या कडेला बुरी (धारदार कंगोरा) असेल तर काढून, ऑइल लावून, सरळ रेषेत आत. खुणा जुळवून प्रॉपेलर बसवा, दोन तुकड्यांच्या शाफ्टचे योक एका रेषेत आले पाहिजेत. बोल्ट स्वच्छ, लॉक वॉशर नवे, आणि आवळायला टॉर्क पाना भाड्याने किंवा ओळखीच्या गॅरेजमधून आणा, आकडा पुस्तकातला घ्या, खासकरून फ्लँजच्या मोठ्या नटाचा, कारण तो अंदाजाने आवळला तर एक तर सुटतो नाहीतर बेअरिंगवर ताण येतो.

ड्रेन प्लगला नवा वॉशर, मग सपाट जागेवर, चारी चाकं जमिनीवर असताना, फिलरमधून हातपंपाने ऑइल भरा, काठावरून बारीक धार आली की थांबा, धार थांबू द्या, प्लग लावा. काढलेलं ऑइल गटारीत किंवा नाल्यात नको, आपल्याकडचे सगळे नाले शेवटी गोदावरीत जातात, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

ठोकळे काढायला विसरू नका, हसू नका, विसरतात लोक. पहिली चक्कर रिकाम्या गाडीने त्र्यंबकला मारून या, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर होतात, थोडा चढ-उतारपण मिळतो. वाटेत कुठं थरथर, ठोका किंवा घरघर ऐकू आली तर थांबून बोल्ट बघा. परत आल्यावर रात्रभर गिअरबॉक्सखाली पुठ्ठा अंथरून ठेवा. ओठावर नुसता ओलसरपणा असेल तर तो सुरुवातीला लावलेल्या ऑइलचा असू शकतो, पुसून परत बघा. थेंब पडलेला दिसला तर आधी ब्रीदर, मग लेव्हल, मग ती नख फिरवायची जागा, या क्रमाने परत जा. सगळं कोरडं असेल तर लोड भरून घाटाची एक खेप करून आल्यावर बोल्ट एकदा पान्याने तपासा आणि फिलर प्लग उघडून लेव्हल बघून घ्या.